तिसरी-चौथी मार्गिका: वाटा कुणाचा किती?

फास्ट आणि स्लो हा भेद कल्याणला संपतो. मुंबईहून सुटलेली कर्जत फास्ट ठाणे, डोंबिवली अशी निवडक स्थानकं घेत धावत येते आणि कल्याण सोडलं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असं एकेक स्थानक घेत जाते. पाटीवर ‘फास्ट’ लिहिलेलं असलं तरी कल्याणच्या पुढे तिला पळायला वेगळा मार्ग नाही. जाणारा एक आणि येणारा एक, एवढे दोनच मार्ग कर्जतपर्यंत आहेत. त्यांवरूनच लोकल जाते, डेक्कन क्वीन जाते, दक्षिणेकडच्या मेल-एक्स्प्रेस जातात आणि मालगाडीही जाते.

बदलापूर पश्चिमेला सोनिवलीकडे परवडतं म्हणून घर घेतलेला माणूस सकाळी शेअर रिक्षाने स्टेशन गाठतो. लोकल दहा मिनिटं उशिरा असेल, तर फलाटावर कारण विचारावं लागत नाही. ‘मेल पुढे काढली’ किंवा ‘पुढे मालगाडी आहे’ हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळे कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेकडे या पट्ट्याचे डोळे लागले आहेत. ती झाली की सुटलो, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा, हे पाहायचं तर सामायिक मार्गांवर नव्या मार्गिका टाकल्याने नेमकं काय बदलतं, महाराष्ट्रात आणि बाहेर याचा अनुभव काय, आणि वाढलेली क्षमता शेवटी कुणाच्या पदरात पडते, हे एकत्र बघायला हवं.

मार्ग जुना, प्रवासी नवे

हा मार्ग लोकलसाठी बांधलेला नव्हता. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली आणि १२ मे १८५६ रोजी पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतचा टप्पा खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीला बोरघाट चढून दख्खनचा कापूस बंदरावर आणायचा होता. १८६३ मध्ये घाट खुला झाला आणि ती वाट मोकळी झाली. अंबरनाथ-बदलापूर ही त्या वाटेवरची छोटी स्थानकं. मालासाठी आणि लांबच्या प्रवासासाठी आखलेल्या मार्गावर उपनगर मागाहून येऊन बसलं.

आणि बसलं तेही झपाट्याने. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. त्याच वर्षी अंबरनाथ अडीच लाखांच्या आणि उल्हासनगर पाच लाखांच्या वर होतं. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती यात धरलेल्याच नाहीत. माणसं वाढली, लोकलचे डबे नवावरून बारावर गेले. मार्ग मात्र दोनच राहिले.

एकाचे दोन

मार्गिका वाढवण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि चर्चेत ते नेहमी एकमेकांत मिसळतात. पहिला प्रकार म्हणजे एकेरी मार्ग दुहेरी करणं.

एकेरी मार्गाची क्षमता काढायला भारतीय रेल्वेत स्कॉटचं सूत्र वापरतात. दोन स्थानकांमधला सगळ्यांत अडचणीचा टुकडा घ्यायचा. सगळ्यांत संथ गाडीला तो पार करायला लागणारी मिनिटं आणि पुढच्या गाडीला मार्ग देण्याच्या कामात जाणारी मिनिटं यांची बेरीज करायची. दिवसाच्या १,४४० मिनिटांना तिने भागायचं आणि देखभाल, बिघाड, उशीर यांच्यासाठी तीस टक्के कापायचे. समजा गाडीला वीस मिनिटं लागली आणि मार्ग द्यायला पाच, तर भागाकार साधारण ५७ येतो आणि कपातीनंतर हाती उरतात चाळीस गाड्या. या चाळीस दोन्ही दिशांच्या मिळून. म्हणजे दिवसभरात जाणाऱ्या वीस, येणाऱ्या वीस. त्यांत मालगाड्याही आल्या.

या सूत्रातली सगळी मेख संथ गाडीत आणि लांब टुकड्यात आहे. स्थानकं दूरदूर असली आणि मालगाडी रडतखडत चालली, की सगळा मार्ग तिच्या वेगाने चालतो. कोकणात जाणाऱ्याला हे सूत्र माहीत नसलं तरी ‘क्रॉसिंग’ चांगलंच माहीत असतं. समोरून गाडी येईपर्यंत एखाद्या छोट्या स्थानकावर अर्धा-अर्धा तास उभं राहणं म्हणजे क्रॉसिंग. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली ती एकेरीच. १९९९ पासून त्याच मार्गावरून भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेणारी रो-रो सेवा चालते. राजधानी, पॅसेंजर, रो-रो आणि गणपतीच्या जादा गाड्या एकाच रुळावर. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण वीरच्या पुढे कोकणात क्रॉसिंग चुकत नाही. पुणे-मिरज या सुमारे २८० किलोमीटरच्या मार्गाचं दुहेरीकरणही टप्प्याटप्प्याने झालं. तिथेही मुख्य फायदा हाच, की समोरच्या गाडीसाठी थांबणं गेलं. दुहेरीकरणात दिशा वेगळ्या होतात, म्हणून त्याचा लाभ लगेच आणि सगळ्यांना दिसतो. माल आणि माणूस दोघंही सुटतात.

दोनाचे चार

कल्याण-कर्जतचा प्रश्न या प्रकारातला नाही. इथे दिशा आधीच वेगळ्या आहेत. अडचण आहे ती एकाच दिशेने धावणाऱ्या पण वेगवेगळ्या चालीच्या गाड्यांची.

ढोबळ हिशेब करून पाहू. कल्याण ते कर्जत ४६ किलोमीटर. सगळीकडे थांबणाऱ्या लोकलला तासभर लागतो असं धरू आणि न थांबणाऱ्या एक्स्प्रेसला चाळीस मिनिटं. लोकलच्या मागोमाग सोडलेली एक्स्प्रेस वाटेत तिला गाठणार हे उघड आहे. ती अडखळू नये असं वाटत असेल, तर कल्याणहून आधीची लोकल सुटल्यावर निदान वीस-बावीस मिनिटं दुसरी गाडी सोडता येत नाही. तेवढ्या वेळात दोन लोकल सहज गेल्या असत्या. नाहीतर लोकलला मधल्या एखाद्या स्थानकात बाजूला काढून एक्स्प्रेस पुढे काढायची. बदलापूरच्या फलाटावरचं ‘मेल पुढे काढली’ ते हेच.

मालगाडीचं गणित थोडं वेगळं आहे. न थांबता चालली तर तिची चाल लोकलच्या सरासरीच्या आसपासच पडते, त्यामुळे चालती मालगाडी फारशी नडत नाही. नडते ती थांबलेली. भरलेल्या रेकची लांबी साडेसहाशे-सातशे मीटर, म्हणजे बारा डब्यांच्या लोकलच्या अडीचपटीहून अधिक. वजन हजारो टनांत. एकदा लाल सिग्नलला उभी राहिली की पुन्हा चाल घ्यायला तिला मिनिटं लागतात आणि मागच्या सिग्नलांवर लोकलची रांग लागते. त्यात कर्जतला बोरघाटाचा ३७ मीटरमागे एक मीटरचा चढ सुरू होतो. तो चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. घाटात तिसरा मार्ग आहे, पण कर्जतला इंजिनं जोडून घाटात शिरेपर्यंत गाड्या साचल्या, तर त्याचा ताण मागे बदलापूरपर्यंत जाणवतो.

इथे सिग्नल सुधारूनही फार हाती लागत नाही. मुंबईच्या एमयूटीपी ३-ए योजनेत सीबीटीसी ही नवी सिग्नल यंत्रणा आहे. तिच्यामुळे दोन गाड्यांमधलं अंतर कमी करता येतं. मात्र हा लाभ सारख्या चालीच्या गाड्या एकामागोमाग सोडायच्या असतील तिथे पुरेपूर मिळतो. चालीच वेगळ्या असतील, तर सिग्नल कितीही हुशार असो, वेगवान गाडीला पुढच्या गाडीच्या डोक्यावरून जाता येत नाही. तिला वेगळा मार्गच लागतो.

बदलापूरपर्यंत, मग कर्जतपर्यंत

हा वेगळा मार्ग कागदावर दोन तुकड्यांत आला. कल्याण ते बदलापूर हा १४ किलोमीटरचा पहिला तुकडा ३३,६९० कोटी रुपयांच्या एमयूटीपी ३-ए मध्ये २०१९ साली मंजूर झाला. त्याचा खर्च १,५१० कोटी. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये होणारं चिखलोली हे नवं स्थानकही याच पट्ट्यातलं. बदलापूर ते कर्जत हा ३२ किलोमीटरचा दुसरा तुकडा केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर केला. त्याचा खर्च १,३२४ कोटी.

हे दोन आकडे शेजारी ठेवण्यासारखे आहेत. पहिल्या तुकड्याला किलोमीटरमागे सुमारे १०७ कोटी, दुसऱ्याला सुमारे ४१ कोटी, तेही सहा वर्षांनंतरच्या भावाने. पश्चिम रेल्वेवरच्या विरार-डहाणू चौपदरीकरणाचा मंजूर खर्च ६४ किलोमीटरला ३,५७८ कोटी, म्हणजे किलोमीटरमागे ५६ कोटींच्या घरात. कल्याण ते बदलापूर रुळांच्या दोन्ही अंगांना शहर चिकटलेलं आहे. फलाट, पादचारी पूल, नाल्यांवरचे पूल, रस्त्यांचे उड्डाणपूल, सगळं हलवून नव्याने बसवायचं, जागा मिळवायची आणि हे करताना चालू गाड्या थांबवायच्या नाहीत. रुळाला लागणारं पोलाद दोन्हीकडे सारखंच. महाग पडतो तो उशीर. जी जमीन तीस-चाळीस वर्षांपूर्वी रेल्वेने राखून ठेवली असती तर भातखाचराच्या भावात मिळाली असती, तिच्यासाठी आज शहराचा भाव मोजावा लागतो. वांगणी-शेलू-नेरळ पट्ट्यात इमारती वाढायच्या आत दुसरा तुकडा मंजूर झाला हे त्यातल्या त्यात बरं. पुढच्या मार्गिकांची जागा आत्ताच राखली नाही, तर हा धडाही वाया जाईल.

चौदा किलोमीटरच्या तुकड्याने किती फरक पडेल? बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलला कल्याणपर्यंत मेलची आणि मालाची सोबत सुटेल, हा खरा लाभ आहे. पण दोन टोकांना काय होतं त्यावर तो अवलंबून आहे. बदलापूरच्या पुढे चारांचे पुन्हा दोन होतात. दुसरा तुकडा होईपर्यंत ती गाळणी तिथेच राहणार. कल्याणला कसाऱ्याकडचा आणि कर्जतकडचा असे दोन फाटे एकत्र येतात, आणि लोकल, मेल, मालगाड्या एकमेकींचे मार्ग छेदून जातात. एकीला सोडायचं तर दुसरीला थांबवायचं, हा खेळ दिवसभर चालतो. त्यामुळे कल्याण यार्डाची फेररचना मार्गिकेइतकीच, किंबहुना काकणभर जास्तच महत्त्वाची आहे. तीही ३-ए मध्येच आहे. यार्ड मागे राहिलं आणि मार्गिका आधी झाली, तर नव्या मार्गिकेवरून गाड्या वेगाने येतील आणि कल्याणच्या होम सिग्नलला उभ्या राहतील.

मोकळी झालेली जागा

मार्गिका वाढल्यावर काय होतं याचा ताजा धडा ठाणे-दिव्याचा आहे. पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये खुली झाली. मधली चौदा वर्षं जागा, पूल, मुंब्र्याजवळची अडचणीची बांधणी यांत गेली. लांब पल्ल्याच्या गाड्या बाजूला निघाल्या आणि ३६ नव्या लोकल फेऱ्या देता आल्या. त्यांतल्या ३४ वातानुकूलित होत्या. साधी लोकल जाऊन त्या वेळेवर एसी लोकल आली, की साधा पास असलेल्याच्या दृष्टीने फेरी वाढत नाही, कमी होते. ऑगस्ट २०२२ मध्ये आधी कळव्याला आणि पाठोपाठ बदलापूरला प्रवासी यावरून रस्त्यावर, म्हणजे फलाटावर आणि रुळांवर उतरले. मध्य रेल्वेने नव्याने आणलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या.

एसी लोकल वाईट असते असा याचा अर्थ नाही. मार्गिका बांधण्याचा निर्णय आणि मोकळी झालेली जागा कुणाला द्यायची हा निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर होतो, हे मात्र यातून स्पष्ट झालं. पहिल्या निर्णयाची कोनशिला बसते, भाषणं होतात. दुसरा निर्णय वेळापत्रकात गुपचूप होतो आणि लोकांना तो अंमलात आल्यावर कळतो.

बदलापूर-कर्जतच्या मंजुरीतही हे दिसतं. तो तुकडा गुजरातमधल्या ओखा-कानालूस दुहेरीकरणासोबत मंजूर झाला. दोन्ही प्रकल्प मिळून वर्षाला १ कोटी ८० लाख टन जादा माल वाहतील, असं सरकारने सांगितलं आहे. कोळसा, मीठ, कंटेनर, सिमेंट, इंधन असा हा माल. म्हणजे ज्या मार्गिकेकडे बदलापूरकर लोकलच्या आशेने पाहतो, तिचा हिशेब दिल्लीत मालाच्या टनांतही मांडलेला आहे. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. पण एकाच मार्गिकेच्या मिनिटांवर दोघांचा हक्क सांगितला गेला आहे, हे आधीच लक्षात घेतलेलं बरं.

मालगाडीची बाजू

फलाटावरून मालगाडी खलनायक वाटते. पण रेल्वेच्या वाहतूक उत्पन्नातला सुमारे दोन तृतीयांश वाटा मालाचा आहे आणि लोकलचं स्वस्त तिकीट त्याच्याच जिवावर टिकून आहे. मालगाडी रुळांवरून हटवली, तर तोच माल ट्रकने शिळफाट्यावर येतो. तेव्हा तिला हुसकण्यापेक्षा स्वतंत्र वाट देणं शहाणपणाचं. हाच विचार पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गामागे आहे. जेएनपीटी बंदरापासून उत्तरेकडे जाणाऱ्या सुमारे दीड हजार किलोमीटरच्या या मार्गावर एकावर एक रचलेले कंटेनर धावू शकतात. त्याचा महाराष्ट्रातला वैतरणा-जेएनपीटी हा टप्पा सगळ्यांत शेवटी उरला, आणि कारण पुन्हा वसई-दिवा-तळोजा पट्ट्यातली जागा. तो झाला की वसई-दिवा मार्गावरचा माल कमी होऊन तिथे लोकलची मागणी पुढे रेटता येईल. बदलापूरला मात्र त्याचा थेट उपयोग थोडाच. उत्तरेकडचा माल वसईमार्गे जातो, बोरघाट चढणारा माल कर्जतचीच वाट धरतो, मग तो कल्याणहून येवो वा पनवेलहून.

पनवेल-कर्जत हा एकेरी मार्ग त्यामुळे महत्त्वाचा. २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात आंदोलक रुळांवर उतरले आणि दिवसभर वाहतूक ठप्प झाली, तेव्हा लांब पल्ल्याच्या काही गाड्या कर्जत-पनवेलमार्गे वळवता आल्या. आता त्याच्या शेजारी एमयूटीपी ३ मधला २९.६ किलोमीटरचा दुहेरी उपनगरी मार्ग येतो आहे. वावर्ले येथे त्याचा २,६२५ मीटरचा बोगदा आहे. त्यामुळे कर्जतचा काही प्रवासी नवी मुंबईकडे वळेल. पनवेल-कर्जतने मालाचा भारही उचलला, तर कल्याण-कर्जतला खरा उतार पडेल.

मार्गिका वाढवायला विरोध होऊच शकत नाही असंही नाही. गोव्यातल्या कुळेपासून कॅसलरॉकपर्यंतचा घाटातला मार्ग दुहेरी करायला निघाले, तेव्हा लोकांनी विचारलं की हे नेमकं कुणासाठी? मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे नेण्यासाठीच हा खटाटोप आहे, असा आक्षेप होता. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदोरला लोक रात्री रुळांवर बसले. भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या या कामाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. बदलापूरची स्थिती वेगळी आहे, इथे मागणी लोकांचीच आहे. पण गोव्यात विचारलेला प्रश्न इथेही विचारावा लागतो. गाडी कुणाची वाढणार हे आधी सांगितलं नाही, तर पुढे त्याचं भांडण होतं.

टोकियोने काय केलं

याच प्रश्नाला जपानने १९६५ पासून हात घातला. टोकियोत येणाऱ्या पाच मुख्य मार्गांवर दोनाचे चार करण्याची योजना जपानी राष्ट्रीय रेल्वेने घेतली. त्यातलं टोकाईदो मार्गाचं प्रकरण आपल्याला जवळचं आहे. तिथे दूरच्या गाड्या आणि योकोसुका मार्गाच्या उपनगरी गाड्या एकाच जोडीवर होत्या. शेजारी मालाचा मार्ग होता. रेल्वेने मालासाठी नवा मार्ग बांधला, मोकळा झालेला जुना माल-मार्ग उपनगरी गाड्यांना दिला आणि १९८० मध्ये दोन्ही सेवा वेगळ्या केल्या. कुठली गाडी कुठल्या जोडीवर जाईल, हे रूळ पडण्याआधी ठरलेलं होतं. या सगळ्याचा खर्च भाड्यातून भरून निघाला नाही. १९८७ मध्ये खासगीकरण झालं तेव्हा राष्ट्रीय रेल्वेवर प्रचंड कर्ज होतं आणि या बांधकामांचा भारही त्यात होता. वेगळे मार्ग हवे असतील तर त्यांचे पैसे कोण देणार, हेही आधीच ठरवायला हवं.

पाण्याचा हिशेब

आणखी एक गोष्ट या पट्ट्यात विसरून चालत नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल आणि गावकऱ्यांनी बाहेर काढलं. रेल्वेचा भराव म्हणजे खोऱ्यातला आडवा बांधच. त्याला जोडून आणखी दोन मार्गांचा भराव पडणार असेल, तर मोऱ्या आणि पुलांची रुंदी जुन्या मापाने धरून भागणार नाही. पाणी अडलं तर रूळ बुडतील आणि पाण्याने वाट बदलली तर सोनिवलीसारखी नदीकाठची वस्ती. भरावाच्या नकाशासोबत पुराचा नकाशाही लोकांसमोर यायला हवा.

मागायचं काय

एकेरीचं दुहेरी झालं की लाभ आपोआप सगळ्यांत वाटला जातो. दोनाचे चार झाले की तसं होत नाही, तो वाटावा लागतो. बदलापूर-अंबरनाथच्या प्रवाशांनी ‘मार्गिका लवकर करा’ एवढ्यावर थांबणं म्हणूनच पुरेसं नाही. तिसरी-चौथी मार्गिका सुरू होईल त्या दिवशी मेल आणि माल कुठल्या जोडीवर जातील, सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते दहा या वेळात मोकळ्या मिनिटांपैकी किती लोकलला मिळतील, त्यांत साध्या किती आणि एसी किती, बदलापूर आणि अंबरनाथहून सुटणाऱ्या किती, हे सगळं काम चालू असतानाच रेल्वेने लिहून जाहीर करावं. मालाचा वाटाही त्यातच मांडावा, म्हणजे रात्रीचे आणि दुपारचे तास मालाला हक्काने मिळतील. कल्याण यार्डाचं काम मार्गिकेच्या आधी किंवा बरोबर संपेल, याची तारीख द्यावी. ठाणे-दिव्याला आपण मार्गिकेची चौदा वर्षं वाट पाहिली आणि वेळापत्रकाची वाट पाहायची राहून गेली. कर्जतच्या वाटेवर वेळापत्रकाची मागणी रुळांच्या आधी करायला अजून वेळ आहे.